संशयिताचे चौदा दिवस : कल्याण जंक्शन ते वागळे इस्टेट

साथीच्या रोगाचा इतिहास सांगावयास घेतला म्हणजे श्रोत्यांचे लक्ष साहजिकच दोन गोष्टींकडे वळते : माणसे किती दगावली, आणि औषध केव्हा निघाले. या दोहोंविषयी आम्ही आज थोडेच बोलणार आहोत. रोगी आणि निरोगी यांच्या मधोमध एक तिसरा माणूस उभा असतो. त्याला ताप नाही, खोकला नाही, अन्नावर वासनाही चांगली आहे. त्याचा अपराध इतकाच की, तो रोग्याच्या शेजारी बसला होता, त्याच्याबरोबर जेवला होता किंवा एकाच खोलीत निजला होता. हा माणूस उद्या आजारी पडेल की पडणार नाही, हे आज कोणासच ठाऊक नसते. त्याचे करावे काय? सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या कल्याणच्या फलाटावर सरकारने विचारला आणि २०२० साली तोच प्रश्न वागळे इस्टेटच्या गल्लीगल्लीतून पुन्हा विचारला गेला. दोन वेळच्या उत्तरांत फरक कोणता पडला आणि कोणता पडला नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीत रोग्याला वेगळे ठेवण्यास ‘आयसोलेशन’ म्हणतात आणि रोग झालेला नाही पण होण्याचा संभव आहे अशा माणसाला वेगळे ठेवण्यास ‘क्वारंटाईन’ म्हणतात. आम्ही मराठीत दोहोंसाठी ‘विलगीकरण’ हा एकच शब्द सर्रास वापरला. शब्द चांगला आहे, पण एकाच पोत्यात गहू आणि ज्वारी भरल्यासारखे झाले. रोग्याला वेगळे ठेवणे समजण्यास सोपे असते; तो स्वतःच अंथरुणावर पडलेला असतो. निरोग्याला बसवून ठेवणे ही निराळीच गोष्ट आहे. त्याचे हातपाय चालू असतात, आणि हातपाय चालू असलेल्या माणसाला घरी बसविले की त्याची चूल बंद पडण्याचा प्रश्न निर्माण होतो. ‘क्वारंटाईन’ हा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या आकड्यावरून आला. एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे बंदर होते. तेथे १३७७ साली, साथीच्या मुलुखातून येणाऱ्यांनी तीस दिवस बाहेर राहून मग गावात यावे, असा नियम झाला. तिसाचे पुढे चाळीस झाले. हा काळ रोगाच्या स्वभावाकडे पाहून ठरविलेला नव्हता, आणि ठरविणार तरी कसा? रोगबीज अंगात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत किती दिवस जातात, हे मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

आता कल्याणकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पाहता पाहता अर्धी मुंबई गावाकडे पळू लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अगदी आटोपशीर, पण त्याने सरकारला दिलेला अधिकार मात्र अफाट होता. मुंबईहून देशावर जाणारी रेल्वे कल्याणवरून जाते. तेव्हा प्रवाशांच्या तपासणीची जी ठाणी बसली त्यांत कल्याण हे मोक्याचे ठरले. गाडी थांबवून प्रवाशांना खाली उतरवावयाचे, रांगेत उभे करावयाचे, ताप पाहावयाचा, काखेत व जांघेत गाठ आहे काय हे चाचपावयाचे, आणि संशय आला की अटकावाच्या छावणीत धाडावयाचे, असा हा क्रम. त्या काळची ‘टेस्ट’ ती हीच. प्लेग हा काही विषाणूचा रोग नव्हे. तो जिवाणूचा, आणि बहुतांशी उंदरांवरील पिसवांच्या मार्गाने येणारा. म्हणजे माणसांना एकमेकांपासून दूर ठेवून गाठीचा प्लेग थांबण्याची आशा फारशी नव्हतीच, परंतु हे ज्ञान अजून पक्के झाले नव्हते. कायदा मात्र त्याच वेळी पक्का झाला, आणि तोच कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने श्वसनमार्गाच्या एका नव्या विषाणूविरुद्ध बाहेर काढला. म्हणून या विषयाचा आरंभ प्लेगपासून केल्यावाचून गत्यंतर नाही.

१८९७ च्या पुण्याची हकीकत सर्वांस ठाऊक आहे : घरांची झडती, सोजिरांचा शिरकाव, बायकांची तपासणी, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या. आमच्या मते या हकीकतीतील एक गोष्ट मात्र नेहमी मागे पडते. लोकांचा राग रोग्याला इस्पितळात नेण्यावर होता, तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या घरच्या निरोगी माणसांना छावणीत नेण्यावर होता. घर उघडे टाकून जावे लागे. सामान जाळले जाई. परत आल्यावर घरात काय शिल्लक राहील याचा भरवसा नसे. लोकमान्य टिळकांनी विलगीकरणाचे तत्त्व सरसकट नाकारले नव्हते; त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदूंचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला होता; त्यांचा रोख पद्धतीवर होता. मुंबईत तर २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. आत नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. हे इस्पितळ ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी सगळेच उलटे झाले. जून महिन्यात गोदीवर पहारा करणाऱ्या एका शिपायासह सात पोलिसांना मुंबईत इस्पितळात ठेवावे लागले आणि तेथून साथ पसरली. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती भयंकर. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. हिंदुस्थानभर एक कोटी वीस लाखांहून कमी माणसे मेली नाहीत, असे अभ्यासक धरतात. पण या वेळी ना छावण्या निघाल्या, ना घराघरांत झडत्या झाल्या. सरकारचे हृदय वितळले होते असे नव्हे. इन्फ्लुएंझा अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत प्रकट होतो; संशयित शोधून काढीपर्यंत तो रोगी झालेला असे आणि त्याने आणखी चौघांना रोग दिलेला असे. चाचणी तर नव्हतीच; माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली. विलगीकरण उपयोगी पडावयाचे तर रोगाने थोडी उसंत द्यावी लागते. १९५७ चा ‘एशियन फ्लू’ सिंगापूरहून मद्रासला आलेल्या बोटीबरोबर देशात शिरला आणि काही आठवड्यांत सर्वत्र गेला, त्याचेही कारण तेच.

त्यानंतरचा टप्पा २००९ चा. स्वाइन फ्लूने ऑगस्टच्या आरंभी पुण्यात पहिला बळी घेतला आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी माणसांच्या रांगा लागल्या. या वेळी चाचणी होती, परंतु ती आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणीच होई. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था हे त्यांतील प्रमुख ठिकाण. ही संस्था १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने निघाली, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर ती असणे हे आमचे भाग्यच म्हटले पाहिजे. रांगा इतक्या वाढल्या की, सौम्य लक्षणे असलेल्याने तपासणी न करता घरीच राहावे, असा नियम करावा लागला. लोकांना तो अन्याय वाटला. तपासणी म्हणजे औषधच, अशी एक समजूत तेव्हापासून रूढ झाली आणि ती अजूनही गेलेली नाही.

ही समजूतच २०२० साली फार महाग पडली. म्हणून येथे जरा थांबले पाहिजे. घशातून किंवा नाकातून काडीने जो द्राव घेतात, ज्याला आता शेंबडे पोरही ‘स्वॅब’ म्हणते, त्यात विषाणूचा अंश फार थोडा असतो. त्या अंशाच्या प्रती काढून काढून तो ओळखण्याजोगा करावयाचा, हे ‘आरटीपीसीआर’ चाचणीचे मर्म. प्रती काढण्याची ही युक्ती कॅरी म्युलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली आणि १९९३ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. युक्ती इतकी तीक्ष्ण की, अंश असेल तर बहुधा सापडतोच. पण नसेल तर? कोरोनाचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात आणि क्वचित अकरा-बारा दिवसही लागतात; चौदा दिवसांचा आकडा यावरून आला. रागुसाच्या चाळिसांपेक्षा हा आकडा पुष्कळच शहाणा. आता या काळात चाचणी केली तर काय होते, याचा हिशेब २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतील संशोधकांनी मांडला. संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी केली तर ती जवळजवळ शंभरातून शंभर वेळा ‘निगेटिव्ह’ येते. चौथ्या दिवशीही शंभरातील सदुसष्ट जण हुकतात. आठव्या दिवशी, म्हणजे लक्षणे दिसू लागून तीन दिवस झाल्यावर, चूक सर्वांत कमी, तरी ती वीस टक्के राहतेच.

या आकड्यांचा व्यवहारात अर्थ काय, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. लेथवर काम करणारा एक कामगार सोमवारी डब्बा खाताना एका बाधित सोबत्याशेजारी बसला. मंगळवारी ही बातमी कळली. घाबरून त्याने त्याच दिवशी स्वॅब दिला. बुधवारी कागद आला : निगेटिव्ह. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली, तो गुरुवारी कामावर गेला आणि शनिवारी त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडू लागला, अंगात कणकण नसतानाच. कागद खोटा नव्हता. तो मंगळवारचे बोलत होता, आणि आम्ही त्याला शनिवारविषयी विचारीत होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ही गोष्ट आरंभीच ओळखली होती. निकट सहवासात आलेल्या, लक्षणे नसलेल्या माणसाची चाचणी पाचव्या दिवसानंतर करावी, असा तिचा नियम मार्च २०२० पासून होता. परंतु नियम कागदावर राहिला आणि घाबरलेला माणूस पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. निगेटिव्ह आलेल्याने चौदा दिवस पुरे करावयाचे असतात, हे समजावून सांगणे हे औषध देण्याहून कठीण काम होते.

सगळे जमून आले म्हणजे ही पद्धत किती नेटकी चालते, याचा दाखला आमच्याच भागात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून दुबई, दिल्ली असा प्रवास करीत डोंबिवलीचा एक प्रवासी मुंबईस आला. दिल्लीच्या विमानतळावर त्याचा नमुना घेतला होता. तो बाधित निघाला, त्याला कल्याणच्या कोविड केंद्रात ठेवण्यात आले, आणि ४ डिसेंबर रोजी जाहीर झाले की, हा महाराष्ट्रातील ‘ओमायक्रॉन’चा पहिला रोगी. त्याच्या अधिक जोखमीच्या सहवासातील १२ आणि कमी जोखमीच्या सहवासातील २३ माणसे शोधली गेली. सारी निगेटिव्ह निघाली. दिल्ली-मुंबई विमानातील २५ सहप्रवासीही तपासले, तेही निगेटिव्ह. ज्या कल्याणात १८९७ साली गाडीतील प्रवाशांच्या जांघा चाचपल्या जात होत्या, त्याच कल्याणात विषाणूच्या जनुकांची लिपी वाचून एका प्रवाशाभोवतीची पस्तीस माणसे नेमकी वेचली गेली. प्रगती म्हणतात ती हीच, आणि तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण एका प्रवाशाभोवतीची पस्तीस माणसे वेचणे वेगळे आणि वागळे इस्टेट वेगळी.

मुंबईहून चेक नाका ओलांडला की डाव्या हाताला जो भाग लागतो, त्याला औद्योगिक महाराष्ट्राच्या इतिहासात मानाचे पान आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेचा समारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी झाला तो येथेच. येथील रस्त्यांना कोणा पुढाऱ्याची नावे नाहीत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, असे कारखान्याला शोभणारे आकडे आहेत. कामगार विमा योजनेचे रुग्णालय येथेच आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही येथेच. कारखान्यांभोवती किसननगर, इंदिरानगर, अंबिकानगर, हजुरी अशा वस्त्या दाटल्या. पुढे कित्येक कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या; वस्त्या मात्र राहिल्या आणि अधिकच दाट झाल्या. मे २०२० मध्ये ठाण्यात रुग्णांची संख्या जेथे झपाट्याने वाढली त्यांत वागळे इस्टेट आणि लोकमान्य-सावरकरनगर हे प्रभाग पुढे होते. २ जुलैपासून ठाण्यात व कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, ती १९ जुलैपर्यंत चालली.

गृह विलगीकरणाविषयी केंद्र सरकारची सूचना अशी होती की, संशयिताने हवेशीर अशा स्वतंत्र खोलीत राहावे आणि शक्यतो त्या खोलीला जोडून वेगळे शौचालय असावे. सूचना शास्त्रशुद्ध आहे, तिच्यात बोट ठेवण्यास जागा नाही. पण जेथे सारे घरच एका खोलीचे, मोरी खोलीच्याच कोपऱ्यात, आणि शौचालय गल्लीच्या टोकाला पंचवीस घरांत मिळून, तेथे ती वाचून दाखविणाऱ्यालाही ओशाळे वाटावे! मार्चच्या मध्यास परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणारा शिक्का मारण्याचे सरकारने ठरविले. १८ मार्च रोजी असे शिक्के असलेले चार प्रवासी पालघर स्थानकावर गाडीतून उतरविले गेले. शिक्का मारला म्हणजे खोली मिळते असे नाही. पण ज्यांच्या हातावर शिक्के होते त्यांच्यापैकी बहुतेकांकडे खोली तरी होती. वागळेच्या गल्लीतल्या माणसाला शिक्का नव्हता आणि खोलीही नव्हती. त्याच्यासाठी उपाय एकच, संस्थात्मक विलगीकरण. ठाणेकरांना घोडबंदर रस्त्यावरील भाईंदरपाड्यास नेत. कल्याण-डोंबिवलीकरांना भिवंडी वळणरस्त्याजवळच्या ‘टाटा आमंत्रा’च्या उंच इमारतींत.

या केंद्रांविषयी लोकांनी जेवणाच्या, स्वच्छतेच्या तक्रारी केल्या. काही रास्त होत्या. पण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १८९७ च्या तुलनेने या वेळी जबरदस्ती फारच कमी झाली. घरात सोजीर शिरले नाहीत, सामान जाळले गेले नाही; दारात आल्या त्या आशा सेविका आणि महापालिकेच्या परिचारिका, हातात तापमापक आणि बोटाला लावण्याचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेऊन. आणि ज्या आर्थर रोड इस्पितळावर १८९६ साली गिरणी कामगार चालून गेले, त्याच, आता कस्तुरबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयाकडे पहिल्या दिवसांत ठाणे-कल्याणच्या संशयितांनी आशेने पाहिले. तरीसुद्धा माणसे सहवास लपवीत. का? ‘तुम्ही कोणाकोणाला भेटलात?’ या प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे आपल्या चार सोबत्यांचा पंधरा दिवसांचा रोज बुडविणे होते. ज्याचे नाव घ्यावयाचे तो उद्या कामावर शेजारीच उभा असावयाचा. याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ भेटले. आम्हांस तो अडाणीपणा वाटत नाही. तो हिशेब होता.

चाचणीलाही पैसे पडत. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळेसाठी साडेचार हजार रुपयांची कमाल मर्यादा ठरली. हातावर पोट असणाऱ्याची आठवड्याची कमाईही तितकी नसते. एप्रिल २०२१ पर्यंत महाराष्ट्रात ती पाचशेवर आली. तेवढ्यात प्रयोगशाळाही वाढल्या होत्या. २०२० च्या जानेवारीत देशात पुण्याची एकच होती, जूनअखेर हजारावर गेल्या. म्हणजे चाचणीचा प्रश्न विज्ञानाने आणि सरकारने मिळून वर्षभरात बराचसा सोडविला. राहिला तो रोजाचा प्रश्न.

येथे कायदा पाहिला पाहिजे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने तेव्हा आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता मिळत असे. परंतु कायद्यातील आजाराची व्याख्या अशी की, ज्या स्थितीत वैद्यकीय उपचार व शुश्रूषा लागते आणि त्या कारणाने कामावर गैरहजर राहावे लागते, ती स्थिती. बाधित निघालेला कामगार या व्याख्येत बसला. सहवासात आलेला निरोगी मात्र बसला नाही, कारण त्याला उपचार लागतच नव्हते. त्याने नुसते बसून राहावे, एवढीच समाजाची त्याच्याकडून अपेक्षा होती. २९ मार्च २०२० च्या केंद्रीय गृहखात्याच्या आदेशाने टाळेबंदीतील वेतन देण्यास मालकांना बांधले. मे महिन्यात तो आदेश मागे गेला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. लहान कारखानदारांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. यंत्रे थंड, मागणी बंद, आणि पगार चालू, हे दहा कामगारांच्या शेडला किती दिवस पेलणार? वागळेत अशी शेडे पुष्कळ.

मग ४ एप्रिल २०२१ रोजी ‘ब्रेक द चेन’ या नावाने राज्य सरकारचा जो आदेश निघाला, त्यातील उत्पादनक्षेत्राच्या कलमांत दोन वाक्ये आली. कामगार बाधित निघाला तर त्याला रजा द्यावी, त्या गैरहजेरीवरून कामावरून काढू नये, व पूर्ण वेतन द्यावे, हे एक. दुसरे असे की, त्याच्या निकट सहवासात काम करणाऱ्या इतर कामगारांनाही वेतनासह विलगीकरणात ठेवावे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याने विलगीकरणाची जागा स्वतः उभारावी, असेही त्यात होते. वर्तमानपत्रांचे मथळे त्या दिवशी रात्रीच्या संचारबंदीने आणि शनिवार-रविवारच्या टाळेबंदीने अडविले होते. ‘वेतनासह’ हा शब्द आतल्या पानात राहिला. कंत्राटदारामार्फत लावलेल्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसापर्यंत तो पोचविणारे कोणी नव्हते. पण निरोगी संशयिताच्या रोजाची जबाबदारी सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे लिहिलेली आम्ही तरी त्याआधी पाहिलेली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन इतका वेगाने पसरला की, १९१८ सारखीच स्थिती झाली. वैद्यक संशोधन परिषदेने १० जानेवारीला सांगितले की, वय किंवा जुने दुखणे यांमुळे जोखीम नसेल, तर लक्षणे नसलेल्या सहवासिताची चाचणी करण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातील निर्बंध उठले आणि त्यांच्याबरोबर ती दोन वाक्येही गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आजाराची व्याख्या तिच्यात शब्दशः पूर्वीचीच आहे.